कोपरीची खाडी आणि चाकांचे बूट

वाचक हो, कोपरी म्हटले की आमच्याकडच्या जुन्या माणसांना अंगातली कोपरी आठवते. अर्ध्या बाह्यांची, सुती, नांगर धरताना हात मोकळा ठेवणारी. मी सांगतो आहे ती कोपरी वेगळी. ठाणे स्टेशनवर उतरून पूर्वेच्या बाजूला बाहेर पडलात की जी वस्ती लागते ती. पश्चिमेला तलावपाळी, बाजारपेठ, सगळा झगमगाट. पूर्वेला कोपरी आणि चेंदणी, जुनी आगरी-कोळ्यांची गावे, आणि पलीकडे ठाण्याची खाडी. तुमच्यापैकी अनेकांचा कोणी ना कोणी या भागात भाड्याच्या नाहीतर स्वतःच्या खोलीत राहत असेल. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा राहतो. मे महिन्याच्या सुटीत गावाकडची पोरे तिकडे जातात आणि येताना काहीतरी नवे खूळ घेऊन येतात. तसेच एक खूळ घेऊन मी स्वतःच, पन्नाशी उलटल्यावर, परत आलो. त्याची ही हकिगत.

मागच्या उन्हाळ्यात मी, वहिनी आणि गावाकडची धाकटी नात असे तिघे कोपरीला गेलो. धाकटी दहा वर्षांची. तिकडे पुतण्याची मुलगी, म्हणजे आमची थोरली नात, बारा वर्षांची. थोरलीला चाकांच्या बुटांवरून पळायची भारी हौस. स्केटिंग म्हणतात ते. आदल्या दिवाळीच्या आधी इमारतीच्या खालच्या वाहनतळात ती पडली आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. पाच आठवडे प्लॅस्टर. हाड चांगले जुळले, डॉक्टरांनी आता काही हरकत नाही म्हणून सांगितले. पण बूट गेले माळ्यावर. पोरगीही गप्प झाली. विचारले तर म्हणे, "नको आता." आणि खिडकीतून खालच्या पोरांकडे बघत बसे. ते "नको" खरे नव्हते हे कोणालाही कळले असते.

पुतण्या म्हणाला, "काका, माझे डोके चालत नाही. तुम्ही आठ दिवस आहात, बघा. तुम्ही हो म्हणालात तर मी बूट खाली काढतो."

वहिनींनी तिथल्या तिथे सांगून टाकले, "भाऊजी, पोरीचा हात आहे. उद्या वाकडा राहिला तर जन्माचे नुकसान."

आता मला या खेळातले ओ की ठो कळत नाही. आयुष्य गेले शेतकऱ्यांच्या बांधावर. पण थोरलीला जवळ बसवून विचारले, तर तिने बूट कसा असतो ते हातवारे करून असे समजावले की माझ्या लक्षात आले, यात अर्धे काम बुटाचे आणि अर्धे जमिनीचे आहे. आणि जमीन बघणे हा तर आपला धंदा.

आधी बुटाविषयी थोडे सांगतो, कारण तुमच्याही घरी कधीतरी हा विषय निघेल. जुन्या स्केट्सना पुढे दोन आणि मागे दोन अशी बैलगाडीसारखी चार चाके असत. अमेरिकेतल्या जेम्स प्लिम्प्टन या गृहस्थाने १८६३ साली त्या पद्धतीचा बूट केला, ज्यात अंग कलवले की बूट वळतो. आता पोरांच्या पायात दिसतात त्यांची चारही चाके एकामागे एक, एका रांगेत असतात. ही कल्पना तशी त्याहूनही जुनी. पण तिचा प्रसार झाला तो १९८० नंतर, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्सन बंधूंनी बर्फावरच्या खेळाचा सराव उन्हाळ्यातही करता यावा म्हणून असे बूट बनवायला घेतल्यावर. चाक पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारखे पण चिवट. प्रत्येक चाकात दोन बेअरिंग. दोन बुटांची मिळून आठ चाके आणि सोळा बेअरिंग झाली. बेअरिंगचा नंबर बहुधा ६०८. बारीकसारीक मोटारींत हेच बसते, त्यामुळे तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानातही मिळून जाते. उजव्या बुटाच्या टाचेला रबराचा ठोकळा असतो, तो ब्रेक. पाय पुढे घालून चवडा उचलला की ठोकळा जमिनीला घासतो आणि गती कमी होते. हे ज्याला येत नाही त्याने उतारावर जाऊच नये. थोरलीला ते नीट येत नव्हते. वाहनतळात भिंत धरून थांबायची सवय, आणि त्या दिवशी भिंतीच्या जागी कोणाची तरी मोटारसायकल होती.

पुतण्याला म्हटले, बूट काढ, पण त्याबरोबर मनगटाचे पट्टे, गुडघ्यांच्या आणि कोपरांच्या गाद्या आणि डोक्याचे टोप आण. मनगटाचे पट्टे आधी. माणूस पडताना हात पुढे करतो हा देहधर्मच आहे, आणि म्हणूनच या खेळात मनगट सगळ्यात जास्त जायबंदी होते. त्या पट्ट्यात तळहाताकडून एक टणक फळी असते. हात टेकला की तो तिथेच रुतत नाही, पुढे सरकतो, आणि हाडावरचा दणका वाचतो. पहिल्या वेळी हे नव्हते. (कोपरीत कोपर फुटायला नको म्हणून कोपरांच्याही गाद्या, असे मी म्हटले तर धाकटी दिवसभर हसत होती.)

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी एकटाच निघालो. बरोबर पाण्याची पारदर्शक नळी आणि खिशात एक लिंबू. नळी कशाला, तर तुमच्यापैकी ज्यांनी समपातळी बांध घातले आहेत त्यांना ठाऊक आहे. नळीत पाणी भरून दोन टोके उभी धरली की पाणी आपोआप सारख्या उंचीला येते आणि जमिनीचा उतार कळतो. दुसरे टोक धरायला एक दूधवाला मिळाला. त्याला वाटले महापालिकेचे काही काम आहे; मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. माझा अंदाज असा बसला की शंभर फुटांना फूटभर उतार शिकाऊ पोराला चालतो, त्यावर बूट स्वतःहून हळू सरकतो एवढेच. शंभराला तीन फूट झाले की पोर पळायला लागते आणि ब्रेक येत नसेल तर आपटते. नळी नसेल तर लिंबू ठेवावे. हळू घरंगळले तर ठीक, पळाले तर ती वाट सोडावी.

कोपरीचे रस्ते बघताना मला आपल्या मातीच्या नमुन्यांची आठवण येत होती. दहा पावलांवर प्रकार बदलतो. एका ठिकाणी डांबर, पुढे सिमेंट, पुढे ठोकळे बसवलेले. ठोकळ्यांच्या फटीत चाक धडधडते, पाय बधिर होतात. नव्या डांबरातली खडी वर असेल तर चाक झिजते. सिमेंटचा रस्ता सगळ्यात बरा, पण त्याच्या दोन पट्ट्यांमधली भेग बघावी. ती चाकाच्या दिशेने लांब गेली असेल तर चाक तिच्यात अडकते. गटाराची लोखंडी जाळी, गतिरोधक, सकाळी पाणी भरताना सांडलेला ओघळ, या सगळ्यांवर मी मनात खुणा करत गेलो. हमरस्त्याचा तर विचारच नको. कोपरीला लागूनच मुंबई-ठाण्याचा पूर्व द्रुतगती मार्ग आहे, तिथे माणसाने पायी रस्ता ओलांडतानाही देवाचे नाव घ्यावे.

चालत चालत मीठबंदर रस्त्याने खाडीकडे उतरलो. नावच सांगते की इथून मीठ जात असे. या खाडीच्या काठाने मुलुंड, भांडुप, कांजूरपर्यंत मिठागरे होती. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी याच ठाण्याला येऊन थांबली, तेव्हा गाडीतल्या चारशे पाहुण्यांनी खिडकीतून पाहिली असतील ती भातखाचरे आणि खाजणे. आता खाडीच्या कडेला तिवरांची दाटी आहे. तिवर म्हणजे खाऱ्या पाण्यात उभे राहणारे झाड; त्याची मुळे गाळातून वर डोकावतात, हवा घ्यायला. हे झाड तोडले की काठ ढासळतो, जसा आपला ओढ्याकाठचा करंज तोडला की ढासळतो. खाली ऐरोली-वाशीकडच्या पट्ट्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी येतात, गुलाबी पंखांचे. त्यांच्यासाठी २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली ठाणे खाडीचे नाव रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. वास मात्र येतो. शहराचे सांडपाणी खाडीत जाते ते नाक लपवू देत नाही.

बंदराजवळ एक कोळीण मावशी जाळे साफ करत बसल्या होत्या. त्यांना म्हटले, "मावशी, इथे पाणी किती वाजता चढते?" त्या म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट करा." मला समजेना. मग त्यांनी शिकवले. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहा वाजता भरती, सकाळचे सहा आणि संध्याकाळचेही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. घड्याळाच्या काट्यावर बसत नाही, खाडीत आत यायला पाणी थोडा उशीर करते, पण होडी काढायला एवढे पुरते. पंचांगाचा असा उपयोग मी आजवर ऐकला नव्हता. वहीत लिहून घेतले. लिहून घेतलेले वेळेवर आठवले नाही, ते पुढे येईलच.

तीन सकाळी हिंडून एक गल्ली सापडली. सिमेंटची, जवळपास तीनशे पावलांची, दोन्हीकडे झाडे, उतार नाममात्र, आणि पहाटे पावणेसहा ते सात या वेळात तिच्यातून फारतर दूधवाला आणि पेपरवाला. गल्लीच्या दोन्ही तोंडांना माणूस उभे करायचे. एका तोंडाला मी, दुसऱ्याला वहिनी. हो, वहिनी. "मी काही तुम्हांला हो म्हटलेले नाही, पण पोरीला एकटी सोडणार नाही," असे म्हणत त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. थोरलीने पहिल्या दिवशी फक्त थांबायचा सराव केला. दहा पावले जायचे, थांबायचे. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पडायचा सराव, आधी गुडघ्याच्या गादीवर, मग हात. तिसऱ्या दिवशी ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि वहिनींच्या अंगाला न धरता त्यांच्यासमोर थांबली. वहिनी काही बोलल्या नाहीत, टोपाचा पट्टा मात्र पुन्हा आवळून बांधला.

इथेच थांबलो असतो तर बरे. पण सुटी म्हणजे समुद्र हे पोरांचे गणित, आणि पुतण्याने चार दिवस अलिबागकडे जायचे ठरवले होते. बूट पिशवीत गेले.

ठाण्याहून एस.टी. पनवेल, पेण, वडखळ करत जाते. पेणच्या पुढे दोन्ही बाजूंना खार जमिनी दिसू लागल्या आणि माझे लक्ष पोरांवरून उडाले ते कबूल करतो. समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून घातलेले मातीचे बांध, त्यांत पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाड्या, आणि त्यांच्या भरवशावर पिकणारे भात. बांध एकदा फुटला की त्या शेताचे मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे जातात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारवट मातीत तग धरणारी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही भाताची वाणे दिली ती याच पट्ट्यासाठी. आपण देशावरचे लोक पाणी नाही म्हणून रडतो. इथे पाणी दाराशी उभे आहे आणि त्याला बाहेर ठेवण्यात जन्म जातो. असो.

किनारा म्हणजे सपाट, आणि सपाट म्हणजे चाकांना उत्तम, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या तासातच गेली. ओहोटीनंतरची ओली वाळू डोळ्यांना फरशीसारखी दिसते, घोडागाडीही तिच्यावरून पळते. पण या बारीक चाकांना ती विष आहे. वाळूचा एक कण बेअरिंगमध्ये शिरला की ते दळायला लागते, आणि खारे पाणी लागले तर दोन दिवसांत गंज. किनाऱ्याच्या कडेच्या रस्त्यावर वाऱ्याने वाळूचा पातळ थर येतो, दिसत नाही, चाक घसरते. दुपारी बाराच्या पुढे समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो तोंडावर घेत जाताना पोर दमते आणि पाठीवर घेत येताना नको तेवढी वेगात येते. अलिबाग-मुरुड रस्ता समुद्राच्या सोबतीने जातो, मोठा रमणीय आहे, पण अरुंद, वळणांचा आणि सुटीत गाड्यांनी भरलेला. तो गाडीच्या खिडकीतून बघावा.

मग एका छोट्या बंदराचा धक्का दिसला. सकाळी अकरा वाजता. सिमेंटचा, रुंद, कोरडा ठणठणीत, उन्हाने तापलेला, पुढे पाण्याकडे उतरता. वरच्या सपाट भागावर नळी लावली, शंभर फुटांना फूटभरही नाही. मी खूश. म्हटले संध्याकाळी ऊन उतरल्यावर येऊ.

सव्वासहाला आलो. थोरलीने बूट चढवले. वरच्या सपाटीवर दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीत ती वळली ती सकाळच्यापेक्षा जरा पुढे जाऊन, जिथे उतार सुरू होतो तिथे. तिथले सिमेंट ओले होते. त्या दिवशी षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पाणी धक्क्यावर चढून गेले होते आणि उतरताना गाळाचा बोटभरही नव्हे, कागदाएवढा थर ठेवून गेले होते. तिने ब्रेकला पाय पुढे घातला, ठोकळा गाळावरून साबणासारखा निसटला. मी ओरडलो. वहिनी धावल्या. पोरगी बसकण मारून, दोन्ही हात टेकत, पाण्याकडे घसरत गेली. शेवटच्या कडेपासून चारपाच हातांवर होडी बांधणाऱ्या एका दादाने तिला दंडाला धरून थांबवले.

हात शाबूत होते. पट्ट्यांच्या फळ्यांवर चरे गेले होते, परकराएवढी पँट चिखलाने माखली होती, एवढेच. त्या फळ्या नसत्या तर काय झाले असते ते मी अजूनही कधी कधी रात्री आठवतो. पाण्यात पडली असती तर पायात दीडदोन किलोचे बूट होते.

चूक पूर्ण माझी. वहिनी त्या वेळी काही बोलल्या नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर, पोरी झोपल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, शेतकऱ्याला बांध घालायला सांगता तेव्हा रान एकदाच बघता का?" मी मान खाली घातली. तुमच्या शेतावर आलो तर उन्हाळ्यात एकदा आणि पावसात एकदा बघितल्याशिवाय मी सल्ला देत नाही. आणि कोळीण मावशींनी शिकवलेला हिशेब खिशातल्या वहीत तसाच होता.

त्या रात्री मी ठरवून टाकले होते की आता बूट पिशवीतच राहतील आणि कोपरीला गेल्यावर पुतण्याला "नाही" असे सांगायचे. सकाळी चहा घेत होतो तर थोरली जवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, मी थांबायला गेले होते. ब्रेक लावला होता मी. तो लागला नाही तो गाळामुळे, माझ्यामुळे नाही." आणि थोड्या वेळाने, "आज कुठे जायचे?" आदल्या वर्षी पडल्यावर ती सहा महिने गप्प होती. या वेळी तिला पडण्याचे कारण ठाऊक होते.

मी वहिनींकडे बघितले. त्या म्हणाल्या, "आज जागा मी बघणार."

आणि जागा त्यांनीच शोधली. नागाव आणि चौलच्या मधल्या एका आळीत, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारा सिमेंटचा रस्ता. या भागातल्या वाड्या तुम्ही बघाच. वर नारळ, त्याखाली सुपारी, खाली केळी, सुपारीच्या खोडावर मिरीचा वेल, आणि पाटाने खेळणारे पाणी. एका गुंठ्यात चार मजले शेती. रस्ता वाडीच्या कुंपणांमधून, म्हणून वारा लागत नाही, वाळू येत नाही. भर दुपारीही सावली. वहिनींनी तो सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असा तीन वेळा चालून पाहिला. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा त्यांना कळले की चार वाजता पाटाचे पाणी एका ठिकाणी रस्त्यावर येते. म्हणून वेळ ठरली सकाळी सात ते नऊ. वळणापलीकडे गाडी आली तर दिसत नाही, म्हणून तिथे पुतण्या उभा.

शेजारच्या वाडीच्या मालकीणबाईंनी आणखी एक सोय केली. त्यांचे सुपारी वाळवायचे अंगण, सिमेंटचे, तीस-पस्तीस फूट लांब, मे महिन्यात अर्धे मोकळे. "झाडून घ्या आणि खेळा," म्हणाल्या. तिथे आमची गावाकडची धाकटी पहिल्यांदा चाकांवर उभी राहिली. थोरलीचे बूट किल्ली दाबून लहानमोठे होतात, वाढत्या पोरांसाठी तसेच घ्यावेत. एका बाजूने वहिनी, दुसऱ्या बाजूने थोरली. थोरली तिला सांगत होती, "आधी थांबायला शीक. गुडघे वाकव. पडायचेच आहे, तर पुढे पड." मी सुपाऱ्यांच्या राशीशेजारी बसून ऐकत होतो. अलिबागचा पांढरा कांदा विकत घ्यायला मालकांबरोबर बाजारात जायचे होते, ते राहून गेले ते त्यामुळे.

जाताजाता मुंबईचेही सांगतो. परत आल्यावर एका रविवारी पहाटेच्या लोकलने आम्ही मरीन ड्राइव्हला गेलो. समुद्राच्या कडेने साडेतीन किलोमीटरची सलग, सपाट, रुंद पायवाट. पहाटे सहाला ती मोकळी असते, आठ वाजता पाय ठेवायला जागा नसते, आणि गर्दीत चालणाऱ्यांचा हक्क पहिला. २०२२ साली मुंबई पोलिसांनी काही रविवारी सकाळी शहरातले काही रस्ते मोटारींना बंद ठेवून लोकांना चालायला, सायकलला आणि स्केटिंगला दिले होते, त्यांत हाही रस्ता होता. प्रियदर्शिनी पार्क ते वरळी या सागरी किनारा मार्गालगत नवा विहारपथ झाला आहे, त्याचा मोठा भाग १५ ऑगस्ट २०२५ पासून लोकांना खुला झाला. कोपरीहून हार्बरच्या बाजूला जायचे तर ठाण्याहून वाशी-नेरुळची गाडी आहे. नेरुळला भरतीचे पाणी आवरण्यासाठी केलेल्या मोठ्या तलावाभोवती फिरायची वाट आहे. तिथे चालणारे पुष्कळ, म्हणून चाके लावण्याआधी रखवालदाराला विचारावे. परदेशात या कामासाठी खास वाटा असतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या किनाऱ्याने वाळूतून पस्तीस किलोमीटरची सिमेंटची वाट गेली आहे. आपल्याकडे ती वाट घड्याळ बघून काढावी लागते.

हा श्रीमंतांचा खेळ आहे असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होतो. पण मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे आदिवासी शेतकऱ्यांचे गाव आहे. तिथे २०१५ च्या सुमारास सिमेंटचे एक मैदान झाले, चाकांच्या फळीवर खेळायचे. नियम दोनच ठेवले: शाळेत गेल्याशिवाय फळी नाही, आणि मुलींचा नंबर आधी. त्या गावची आशा गोंड २०१८ साली चीनमध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. चीनमध्येच २०२३ साली झालेल्या आशियाई खेळांत आपल्या मुलींच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही संघांनी तीन हजार मीटरच्या स्केटिंग रिलेत कांस्यपदके आणली; मुलांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही नावे वाचून मला उगाच बरे वाटले.

समुद्रावरून आल्यावर बुटांची निगा राखायला विसरू नका. चाके काढून कोरड्या फडक्याने पुसा, वाळू ब्रशने झाडा. बेअरिंगची झाकणे उघडणारी असतील तर रॉकेलसारख्या द्रवात हलवून, पूर्ण वाळवून, हलक्या तेलाचा एकच थेंब. ट्रॅक्टरचे घट्ट ग्रीस भरू नका, चाक जड होते. पुढची आणि मागची चाके आतल्या बाजूने झिजतात, ती बैलजोडीचे बैल पालटावेत तशी अधूनमधून पालटा. नवा जोड घेताना टणक प्लॅस्टिकच्या चाकांचा घेऊ नका. नखाने दाबून बघा, कणभर दबले पाहिजे.

कोपरीतून निघायच्या दिवशी पुतण्याने विचारले, "काय मग काका, हो की नाही?" मी म्हटले, वहिनींना विचार. वहिनी म्हणाल्या, "माळ्यावर आता पापडांचा डबा ठेवलाय. बुटांना जागा नाही तिथे." बूट दारामागे आले.

गावी आल्यावर धाकटीने माझ्यामागे लकडा लावला. आमच्या ग्रामपंचायतीचा सिमेंटचा रस्ता मारुतीच्या देवळापासून विहिरीपर्यंत येतो आणि तिथे संपतो. तिला तो मोजायचा होता. एका सकाळी शाळेच्या दोन मैत्रिणींना घेऊन ती माझी पाण्याची नळी मागायला आली. देवळापाशी उतार जास्त आहे, शाळेपुढे ठीक आहे, आणि सोमवारी बाजारच्या गाड्या असतात म्हणून त्या दिवशी नाही, एवढे तिने संध्याकाळी येऊन सांगितले. बूट अजून घेतलेले नाहीत, कांद्याच्या पट्टीवर ठरायचे आहे. नळी मात्र तिच्याकडेच आहे, आणि मला परवा एका शेतकऱ्याच्या बांधावर ती हवी होती.